चुरगळलेला शर्ट आणि सव्वासातची घंटा

शाळा सव्वासातला भरायची. सात दहाला फाटक अर्धं लोटलं जायचं, सव्वासातला बंद. आतल्या बाजूला एक टेबल आणि टेबलावर दोन वह्या: एक उशिराची, दुसरी गणवेशाची. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. त्या वर्षी सोमवार आणि गुरुवारी फाटकावरची ड्यूटी माझ्याकडे होती, म्हणून हे सगळं मला टेबलाच्या मागून दिसलं. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही. सकाळी लवकर भरणाऱ्या बहुतेक शाळांत असं टेबल कुठे ना कुठे असतंच.

गणवेशाच्या वहीत नववीतल्या एका मुलाचं नाव सलग चार आठवडे येत होतं. शेरा दर वेळी तोच, ‘शर्ट चुरगळलेला’. बूट स्वच्छ, पट्टा जागेवर, केस विंचरलेले, फक्त शर्टाची दशा झालेली. पाठीवर आडव्या सुरकुत्या आणि एका बाजूच्या कॉलरला घडी पडलेली. चौथ्या आठवड्यात नियमाप्रमाणे घरी चिठ्ठी गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्याची आई आली, जरा चिडूनच.

“सर, मी रोज रात्री इस्त्री करून शर्ट हँगरला लावते. तुम्ही लिहिताय की घरून लक्ष दिलं जात नाही.”

मुलाला बोलावलं. तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “मी तो घालूनच झोपतो.”

आईला हे माहीतच नव्हतं. ती झोपायला गेली की हा उठून कपडे बदलायचा. शर्ट, पँट, पट्टासुद्धा. सकाळी फक्त मोजे-बूट चढवायचे, तोंडावर पाणी मारायचं आणि निघायचं. बस सहा पस्तीसला. गणवेश सकाळी घालायचा तर पावणेसहाला उठावं लागे, घालूनच झोपलं तर सहा दहाला चालत होतं. पंचवीस मिनिटांची ही चोरी त्याने स्वतःच शोधून काढली होती आणि खरं सांगायचं तर मला तिचं कौतुकच वाटलं.

“रात्री झोपतोस किती वाजता?”

“दहाला दिवा बंद करतो. झोप साडेअकराला लागते.”

“मग दीड तास काय करतोस?”

“काही नाही. पडून असतो.”

फोन हा पहिला संशय कुणालाही येईल, मलाही आला. पण फोन दहा वाजता आईच्या उशाशी जातो, हे तिनेच सांगितलं. हिशेब सोपा होता. साडेअकरा ते सहा दहा, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली आहे. मुलगा चोरलेल्या मिनिटांसकट किमान मर्यादेच्या एक तास वीस मिनिटं खाली होता. आणि आम्ही त्याच्या इस्त्रीची नोंद करत बसलो होतो.

ते ‘पडून असणं’

त्या दीड तासाला आळस किंवा हट्ट म्हणायची आपल्याला सवय आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. मेंदूतून मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सुटायला लागण्याची वेळ काही मुलांत दोन तासांपर्यंत उशिरावर जाते. शिवाय दिवसभर जागं राहिल्यावर झोपेचा जो दाब साठत जातो, तो या वयात लहान मुलांपेक्षा हळू साठतो. सातवीपर्यंत नऊला आडवा होऊन पाच मिनिटांत झोपणारा मुलगा नववीत अकरापर्यंत छताकडे बघत पडतो, त्यात त्याची फारशी चूक नसते. फोन, दिवे, उशिरापर्यंतचा अभ्यास यांनी ते आणखी लांबतं. पण हे सगळं काढून घेतलं तरी घड्याळ मागे येत नाही.

उठायची वेळ मात्र बस ठरवते. कात्री पहाटेच्या टोकाला लागते आणि स्वप्नांची, म्हणजे रेम प्रकारची, झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सगळ्यात जास्त असते. झोपेच्या अमेरिकन संशोधक मेरी कार्सकाडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नववीत ८.२५ ला शाळेत जाणारी मुलं दहावीत गेली आणि शाळा ७.२० ला भरू लागली. तेव्हा दिवसा त्यांना झोपवून मोजलं, तर जवळजवळ निम्मी मुलं डोळा लागताच थेट रेममध्ये जात होती. एरवी असं नार्कोलेप्सीसारख्या, दिवसा अनावर झोप येणाऱ्या विकारात दिसतं. ही मुलं तर धडधाकट होती. वर्गात बाकावर डोकं टेकलेल्या मुलाला “रात्री काय दरोडा घालायला गेला होतास?” असं मी वर्षानुवर्षं विचारत आलो होतो. तो अभ्यास वाचल्यावर पुन्हा विचारलं नाही.

दोन वह्या एका टेबलावर

आईशी बोलणं झालं त्या संध्याकाळी मी दोन्ही वह्या घरी नेल्या. असं करायचं नसतं, पण नेल्या. शेजारी ठेवून नावं जुळवत बसलो. गणवेशाच्या वहीतली बहुतेक नावं उशिराच्या वहीतही होती. जी नव्हती ती मुलं वेळेत पोचण्यासाठी गणवेशावर पाणी सोडत होती. मोज्यांचा रंग वेगळा, पट्टा नाही, टाय खिशात. उशिराच्या वहीत आलेल्या मुली मात्र नीटनेटक्या होत्या, कारण दोन वेण्या घट्ट घालायला लागणारी वीस मिनिटं त्यांनी उशिराच्या खात्यावर टाकली होती. म्हणजे कर एकच, आणि कोणत्या खिडकीवर भरायचा एवढंच ज्याने-त्याने ठरवलेलं.

आणि सोमवार. सोमवारची पानं दोन्ही वह्यांत सगळ्यात भरलेली. शनिवार-रविवारी मुलं शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोपतात, दहा-अकराला उठतात आणि सोमवारी पहाटे त्यांना जणू दुसऱ्या देशात उतरवलं जातं. टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. आमच्याकडे त्याला ‘सोमवारचा आळस’ म्हणायचे आणि त्याच दिवशी तपासणी जास्त कडक असायची.

या टेबलाची किंमतही काढली. रांग संपायला साधारण बारा मिनिटं लागत. रांगेतली मुलं वर्गात येईपर्यंत पहिला तास अर्धवट झालेला असे. नववीचा पहिला तास आठवड्यातून चार दिवस गणिताचा होता. म्हणजे ज्यांना झोप कमी पडत होती, त्यांनाच गणितही कमी पडत होतं.

स्वस्त उपाय आधी

मी हे शिक्षकसभेत मांडलं. माझी मागणी वेळ बदलण्याची होती, पण सभेने कपड्यांचा विषय उचलला. ते समजण्यासारखं आहे. कपड्यांना बस लागत नाही. एका सूचनेने काम होतं.

मुख्याध्यापिकांचा विरोध होता आणि तो पोकळ नव्हता. त्यांचं म्हणणं, कपडे बदलले की माणूस कामाच्या तयारीत येतो. कुणीतरी लगेच पांढऱ्या कोटाच्या प्रयोगाचा दाखला दिला: डॉक्टरांचा म्हणून कोट घातला तर माणसं जास्त लक्ष देतात, असं अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की यांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं. त्यातला पहिला प्रयोग २०१९ मध्ये मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, हे मी सांगितलं आणि चहाड्या करणाऱ्यासारखं माझ्याकडे पाहिलं गेलं. गणवेशाचा पुरावा एकूणच कोमट आहे. ब्रन्समा आणि रॉकेमोर यांना १९९८ च्या अभ्यासात गणवेशामुळे हजेरी किंवा वर्तन थेट सुधारल्याचं आढळलं नाही. ‘गणवेश काढा, मुलं फुलतील’ म्हणणाऱ्यांकडे तरी कुठे भक्कम आकडे आहेत?

ठरलं असं की आठवी ते दहावीला आठ आठवडे साधे कपडे. टी-शर्ट, ट्रॅक पँट, कुठलेही बंद बूट. मजकूर छापलेले कपडे नकोत आणि फाटलेले नकोत, एवढेच दोन नियम. गणवेशाची वही कपाटात गेली.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो. रांग गायब. गणिताचा तास कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घंटेला सुरू झाला. खेळाचे शिक्षक सगळ्यात खूश, कारण मैदानावर जायला कुणाला काही बदलावं लागत नव्हतं. उशिराची वहीही थोडी हलकी झाली. ज्यांचा उशीर खरोखर वेण्या आणि बुटांच्या नाड्यांत जात होता, ती मुलं वेळेत येऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात ओसरायला लागलं. मुलांनी वाचलेली मिनिटं झोपेत घातली, हे चांगलंच झालं. पण ती होती पंधरा-वीस मिनिटं. तूट होती तास-सव्वातासाची. पहिल्या तासाला डोकी पुन्हा बाकावर आली, या वेळी हुडीच्या टोपीत. टोपी असल्यामुळे झोपलेला कोण आणि जागा कोण हे मागून कळेना.

माझी चूक मला तिथे दिसली. सुरकुतलेला शर्ट हा आमच्याकडचा एकमेव थर्मामीटर होता. आम्ही तो काढून घेतला होता, ताप तसाच होता. साध्या कपड्यांत सगळेच सैल आणि चुरगळलेले, त्यामुळे कोण किती दमलंय हे फाटकावरून दिसेनासं झालं. वर सभेत अहवाल गेला की गणवेशाच्या तक्रारी शून्य! कागदावर प्रकरण सुटलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात अजिबात आली नव्हती. दहावीतली एक मुलगी सगळे आठ आठवडे गणवेशातच आली. मला वाटलं शिस्तीची आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बाई, माझ्याकडे बाहेरचे दोनच ड्रेस आहेत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल.” अमेरिकेत हजारो मुलांच्या माहितीवर झालेल्या २०२१ च्या एका अभ्यासात गणवेशाचा वर्तनावर काहीच परिणाम सापडला नाही, पण गरीब घरातल्या मुलांची हजेरी गणवेशाच्या शाळांत किंचित बरी होती. फरक वर्षाला एका दिवसापेक्षाही कमी. तो किंचितपणा कसा दिसतो ते त्या मुलीने दाखवलं. काही घरांत साध्या कपड्यांनी सकाळची मिनिटं वाचवण्याऐवजी रात्रीची चिंता वाढवली. उद्या काय घालू, हा प्रश्न गणवेशाने निदान संपवला होता.

बस

आठ आठवड्यांनंतर वेळेचा विषय निघाला आणि तो थेट वाहतूक बघणाऱ्या मामांच्या टेबलावर गेला. इथे मला जरा थांबायचंय, कारण शाळेची वेळ मुलांच्या हिताने ठरते असा माझा इतकी वर्षं समज होता.

मामांनी एक कागद उलगडला. बस तेवढ्याच. त्या आधी मोठ्यांना आणतात, सव्वासातला सोडतात, मग परत फिरून लहानांना साडेआठला. दुपारी तसंच उलट. दोन फेऱ्यांत अंतर सव्वा तासाचं, कारण शेवटचा थांबा लांब. “सर, मोठी मुलं अंधारात थांब्यावर उभी राहू शकतात, लहान नाही. म्हणून मोठी आधी.” एवढंच कारण. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी सोयीने ठरवलेलं, आणि नंतर त्याच्याभोवती शिस्त, ‘लवकर उठे त्याला’ वगैरे सुविचार चढत गेलेले.

जगभर घोडं बसपाशीच अडतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या एडिना या गावाने १९९६ मध्ये हायस्कूल ७.२० वरून ८.३० वर नेलं, शेजारच्या मिनिआपोलिसने पुढच्याच वर्षी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला, तो २०२२ पासून लागू आहे. फ्लोरिडाने २०२३ मध्ये केला आणि लागू होण्याआधीच २०२५ मध्ये रद्द केला. झोपेचं शास्त्र त्या दोन वर्षांत बदललं नव्हतं. शाळांनी पैसे, बस आणि मनुष्यबळाची यादी पुढे केली होती.

पालकसभेत जे बोललं गेलं ते सगळीकडे बोललं जातं: उशिरा शाळा म्हणजे मुलं आणखी उशिरा झोपणार. यावर माझ्याकडे सिअ‍ॅटलचं उदाहरण होतं, आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून ते मला फार आवडतं. २०१६ मध्ये तिथली हायस्कूलं ७.५० वरून ८.४५ वर गेली. बदलाच्या आधी आणि नंतर दोन शाळांतल्या जीवशास्त्राच्या वर्गातल्या मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी घड्याळं बांधली. विचारून नव्हे, मोजून. झोपेचा मध्यांक ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटांवर गेला. झोपायची वेळ जवळजवळ तिथेच राहिली, उठायची पुढे सरकली. दोघांपैकी ज्या शाळेत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त होती, तिथे उशीर आणि गैरहजेरीही घटली. मात्र शाळा ५५ मिनिटं सरकली आणि झोप ३४ मिनिटांनी वाढली, हेही मी सभेत सांगितलं. सगळी सवलत झोपेत जात नाही. आणि आधीची मुलं वेगळी, नंतरची वेगळी, हेही.

विरोध करणाऱ्यांत मीही मनातून होतो, हे इथे लिहायला हवं. दीडला सुटून घरी जाण्याची मला वीस वर्षांची सवय होती. सभेत शिक्षकांच्या ‘शैक्षणिक’ हरकतींपैकी बऱ्याच या दुपारच्या होत्या.

शेवटी फेऱ्यांची अदलाबदल झाली. लहान आधी, मोठे नंतर. लहान मुलं मुळात लवकर उठणारी असतात, पण त्यांना ९ ते १२ तास झोप लागते, म्हणून त्यांना सव्वासातच्या जागी बसवणं म्हणजे खड्डा एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात नेणं झालं असतं. मामांनी तीन थांबे एकत्र केले, अंतर तासावर आणलं. लहान पावणेआठला, मोठे पावणेनऊला. जे तीन थांबे गेले तिथल्या मुलांना आता दहा मिनिटं चालावं लागतं आणि त्यांच्या पालकांनी मला अजून माफ केलेलं नाही.

कपड्यांचं काय झालं

गणवेश परत आला, पण बराच सोलून. विणलेल्या कापडाचा एकरंगी टी-शर्ट, गडद ट्रॅक पँट किंवा स्कर्ट, खेळाचे बूट. टाय गेला, पट्टा गेला, इस्त्री गेली. केस बांधलेले हवेत, कसे ते विचारायचं नाही. दोन ड्रेसवाल्या मुलीचं म्हणणं तिच्या वर्गशिक्षिकेने नाव न घेता समितीपुढे ठेवलं आणि त्या एका वाक्याने पूर्ण साध्या कपड्यांचा प्रस्ताव पडला. मी त्याच्या बाजूने होतो. आता नाही.

फाटकावरची उशिराची वही अजून आहे. तिची पानं आता दिवसाला एखाद-दोन ओळींची असतात, सोमवार सोडून. सोमवार तसाच आहे, कारण शनिवार-रविवार तसेच आहेत. पहिल्या तासाला मुलं प्रश्न विचारतात, हा बदल मला सगळ्यात आधी जाणवला. गुणांवर काय झालं ते मी सांगणार नाही, कारण त्याच वर्षी प्रश्नपत्रिकांचा आराखडाही बदलला आणि कशाचं श्रेय कशाला द्यायचं हे कळायला मार्ग नाही. संघाचा सराव आता हिवाळ्यात अंधारात संपतो. लहानांच्या एका बाई म्हणतात की त्यांच्याकडे आता जांभया सुरू झाल्यात. त्या पडताळायला हव्यात, आणि मी त्यांना झोपेची डायरी करून दिली आहे: कागदाचा एक तक्ता, रात्री किती वाजता दिवा बंद, सकाळी कुणी उठवलं की आपोआप जाग आली. हा तक्ता मी आठवी ते दहावीला पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा होता. तेव्हा दिला असता तर कपड्यांचे ते आठ आठवडे वाचले असते.

तो मुलगा आता दहावीत आहे. परवा फाटकावर भेटला, साडेआठला, घंटेच्या बराच आधी. मी सहज विचारलं, “अजून घालूनच झोपतोस का?”

“हो सर.”

“आता कशाला? आता तर वेळ आहे.”

त्याने टी-शर्ट पुढून ओढून दाखवला. एकही सुरकुती नव्हती. “हा चुरगळतच नाही,” म्हणाला आणि वर्गाकडे गेला.